डेस्कटॉप तापतोय? आधी तापमानाची चाल बघा

गेम सुरू केला किंवा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की पंखे घोंघावायला लागतात, थोड्या वेळाने मशीन मंदावतं आणि कधी कधी बंदच पडतं. अशा वेळी बहुतेक जण नवा कूलर शोधायला लागतात. आमचा सल्ला असा, की पैसे खर्च करण्याआधी तापमान किती चढलं यासोबत ते किती वेगाने चढलं हेही नोंदवा. दोष कुठे आहे याचा निम्मा उलगडा तिथेच होतो.

प्रोसेसरमधली उष्णता सिलिकॉनच्या चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात येते, तिथून थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळाला, मग हीट पाइपमधून पातळ पात्यांना आणि शेवटी हवेला मिळते. ती गरम हवा कॅबिनेटबाहेर गेली की काम झालं. चिप अगदी लहान असते. तिच्या जवळ अडथळा आला, तर उष्णता साठायला जागाच नसते आणि तापमान सेकंदांत उसळतं. कूलरचा धातू आणि कॅबिनेटमधली हवा तापायला मात्र मिनिटं लागतात.

चाचणी सोपी आहे. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा लिनक्सवर एलएम-सेन्सर्स, लावा. मशीन दहा मिनिटं चालू पण रिकामं, म्हणजे काही काम न देता, ठेवून तापमान लिहून घ्या, खोलीचंही घ्या. खोली पाच अंशांनी तापली तर आतले आकडेही साधारण तेवढेच वर सरकतात, म्हणून तुलना नेहमी या दोन तापमानांमधल्या फरकाची करायची. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंचसारखी चाचणी वीस मिनिटं चालवा. पाच-दहा सेकंदांत ९५ अंश सेल्सिअस गाठलं, तर पेस्ट, कूलरची बसवणूक किंवा बंद पडलेला पंखा यांवर संशय घ्या. पंधरा-वीस मिनिटं हळूहळू चढत राहिलं, तर धूळ किंवा कॅबिनेटमधली कोंडलेली हवा. दुसऱ्या प्रकारात कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान पाच अंशांहून जास्त उतरलं, तर कूलरला बोल लावू नका, हवेची वाट मोकळी करा.

आकडा वाचताना प्रोसेसर कोणता तेही बघावं लागतं. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते आणि तिथे पोचल्यावर ते स्वतःच वेग कमी करतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, त्यामुळे तिथे ९५ दिसणं हा दोष नाही. रिकाम्या मशीनवर ७० दिसत असेल, तर मात्र काहीतरी बिघडलंय.

आता धूळ. कूलरचा पंखा आणि पाती यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, आणि पंख्याआड असल्याने तो बाहेरून दिसत नाही. म्हणून पंखा सोडवून बघा. हवेचा डबा उभा धरा, तिरपा झाला तर आतला द्रव बाहेर येतो. पंख्याची पाती बोटाने घट्ट धरूनच हवा मारा. हवेच्या झोताने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. पॉवर सप्लायची फक्त बाहेरची जाळी साफ करा. तो उघडायचा नाही, वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युत दाब राहू शकतो.

पंख्यांच्या दिशेत फार जण चुकतात. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे आणि खालचे पंखे हवा आत घेणारे, मागचे आणि वरचे बाहेर टाकणारे ठेवा, आणि कॅबिनेटच्या मागे भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर जागा सोडा.

पेस्ट बदलताना घाई नको. आधी मशीन पाच मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून पॉवर केबल काढा. कूलरचे स्क्रू तिरकस समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. नंतर कूलर सरळ वर ओढायचा नाही, हलके डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवायचा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पिना प्रोसेसरला असतात. जोरात ओढलं तर खटका लावलेला असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा. मध्यभागी चार-पाच मिलिमीटरचा ठिपका पुरतो, लांबट प्रोसेसरवर एक रेघ ओढा. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खळग्यांतली हवा हटवणं एवढंच आहे. हवेपेक्षा ती शेकडो पट चांगली वाहक असली, तरी तांब्यापुढे फारच कमी पडते, म्हणून थर पातळच हवा. नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म काढली का, तेही बघा. इंटेलच्या चार पिनांच्या कूलरमध्ये एखादी पीन अर्धवट बसली, तर एक कोपरा उचललेला राहतो. चारही पिनांची टोकं मदरबोर्डच्या मागून आरपार आलेली दिसली पाहिजेत.

लिक्विड कूलर असेल तर भार असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. एक चांगली गरम आणि दुसरी थंड लागत असेल, तर पंप बंद पडलेला असण्याची दाट शक्यता आहे. ग्राफिक्स कार्डवर सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सर्वांत तापलेली जागा, यांत १० ते २० अंशांचा फरक चालतो. तो ३० च्या पुढे गेला, तर तिथली पेस्ट संपत आलीय असं समजा.

सगळं नीट असूनही तापत असेल, तर बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधून, विजेची मर्यादा उतरवा. वापरली जाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाचे शेवटचे काही टक्के मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. १०५ वॅटचा रायझन प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत वीज घेतो. ६५ वॅटच्या इको मोडमध्ये ती मर्यादा ८८ वर येते, आणि रोजच्या कामात फरक क्वचितच जाणवतो.

आणि मशीन अचानक बंद पडत असेल, पण त्या क्षणी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ८० अंशांच्या खाली असतील, तर उष्णतेचा पिच्छा सोडा आणि पॉवर सप्लाय बदलून बघा.