सगळ्यांसमोर ठरलेली चावी
नागपुरात सीताबर्डीच्या एखाद्या कॅफेतल्या फुकट वायफायवर तुम्ही बँकेची साइट उघडता, तेव्हा फोन आणि सर्व्हर (बँकेचा संगणक) यांच्याकडे मजकूर कुलूपबंद करायची एकच गुप्त चावी येते, आणि तीही मधल्या राउटरच्या डोळ्यांदेखत ठरते. ही रीत व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडली. कागदावर करून पाहा.

उघड ठरलेले आकडे दोन: मूळ संख्या २९ आणि पाया २. फोन मनात ५ धरतो. २ चा पाचवा घात ३२, २९ ने भागून बाकी ३. हा ३ पाठवायचा. सर्व्हर १२ धरतो. २ चा बारावा घात ४०९६, बाकी ७. तो ७ पाठवतो. आता फोन ७ चा पाचवा घात काढतो: १६८०७, बाकी १६. सर्व्हर ३ चा बारावा घात काढतो: ५३१४४१, बाकी १६. चावी जुळली, आणि हा १६ वाटेत कुठेच दिसला नाही.

चोरून ऐकणाऱ्याला २ चा कितवा घात घेतला की बाकी ३ उरते, ते शोधावं लागतं. इथे २८ आकडे तपासले की झालं. खरी मूळ संख्या २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी असते. (ब्राउझर आता बहुधा हेच एलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्ररेषेवरच्या बिंदूंनी करतात, तिथे २५६ बिट पुरतात.) संख्या तोकडी ठेवली तर काय होतं, ते २०१५ साली लॉगजॅम हल्ल्याने दाखवलं: मधल्या माणसाला जोडणी ५१२ बिटांवर उतरवता येत होती. शिवाय अनेक सर्व्हर तीच मूळ संख्या वापरत, त्यामुळे एकदाची आकडेमोड सगळीकडे कामी यायची.

परीक्षेत पोरं इथवर बरोबर लिहितात. खरी मेख पुढे आहे: समोर नेमकं कोण आहे, हे या गणिताला कळतच नाही. कॅफेच्याच नावाचा हॉटस्पॉट लावून कुणी मध्ये बसला, तर तो फोनशी एक चावी ठरवेल, बँकेशी दुसरी. दोन्हीकडे एन्क्रिप्शन चोख, आणि हा निवांत सगळं वाचतोय. म्हणून सर्व्हरला डिजिटल सही करावी लागते आणि ती सही कोणाची, हे सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, सांगतं.

सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर आधी तारीख बघा. लॅबमधल्या जुन्या पीसीचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारा आतला छोटा सेल) संपला की घड्याळ कैक वर्षं मागे जातं, सर्टिफिकेटची मुदत जुळत नाही आणि धडधाकट साइट्सही बाद ठरतात. तारीख बरोबर असेल, तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. मोबाइल डेटावर या.

वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) टीएलएस १.३ चा, म्हणजे https मागच्या नियमांच्या या आवृत्तीचा, हॅन्डशेक (सुरुवातीची बोलणी) पकडलात, तर क्लायंट हॅलोमध्ये, म्हणजे फोनच्या पहिल्या निरोपात, आपल्या ३ च्या जागचा आकडा ‘की शेअर’ म्हणून उघडा दिसेल, बहुतेकदा साइटचं नावही. सर्टिफिकेट मात्र दिसणार नाही, कारण ते निघतं तोवर चावी ठरलेली असते. टीएलएस १.२ मध्ये तेही उघडंच जायचं.