क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक: भिंगापलीकडची ऐंशी वर्षं

बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. प्रथिनांमधली अणूंची मांडणी त्यातून सर्रास दिसू लागली ती मात्र २०१३च्या सुमारास. मधल्या काळात भिंगापेक्षा नमुन्यानेच जास्त छळलं. यंत्राच्या आत निर्वात पोकळी, त्यामुळे पेशीतलं पाणी उडून जायचं. उरलेलं इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने होरपळायचं. मग नमुना वाळवून त्याला जड धातूच्या क्षाराचा लेप देत. बाह्याकार दिसे, आतलं काही नाही. ही रीत अजूनही कामाची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२०मध्ये करोना विषाणू टिपला तो असाच.

तोडगा निघाला हायडेलबर्गला. झाक ड्युबोशे यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी इतक्या झटकन गोठवलं, की बर्फाचे स्फटिक बनायला सवडच मिळू नये. नमुना थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला तर त्याभोवती वायूचा थर तयार होतो आणि गारवा आत पोचायला उशीर लागतो. म्हणून नायट्रोजनने गार केलेलं ईथेन वापरलं. पाणी काचेसारखं थिजलं, प्रथिनं होती तशीच राहिली. ‘क्रायो’ म्हणजे अतिथंड, या तंत्राचं नाव त्यावरूनच. १९८४मध्ये अशा थिजवलेल्या विषाणूंची चित्रं प्रसिद्ध झाली.

योआखिम फ्रँक यांनी हजारो धूसर चित्रं जुळवून त्यांतून एक स्पष्ट चित्र काढायचं गणित बसवलं. केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन यांनी १९९०मध्ये एका प्रथिनाची अणुपातळीवरची रचना दाखवली. तरीही बहुतेक प्रथिनांचे नुसते गोळेच दिसत, आणि स्फटिकं करून क्ष-किरणांनी रचना शोधणारे त्यावरून चेष्टा करत.

ती थांबवली कॅमेऱ्याने. इलेक्ट्रॉन थेट मोजणारे संवेदक आले. क्षणाक्षणाच्या चौकटी घेऊन नमुन्याची थरथरही वजा करता येऊ लागली. २०१३च्या अखेरीस मिरचीची आग जाणवून देणाऱ्या टीआरपीव्ही१ या प्रथिनाची रचना स्फटिकाशिवाय मिळाली. २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल ड्युबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना मिळालं. माझ्या मते त्यातला मोठा वाटा संवेदक घडवणाऱ्यांचाही आहे.

औषधशास्त्राला याचा खरा उपयोग २०२०मध्ये दिसला. करोनाचा जनुकीय क्रम जानेवारीत जाहीर झाला आणि टेक्सास विद्यापीठातल्या जेसन मॅक्लेलन यांच्या गटाने विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काटेरी प्रथिनाची रचना फेब्रुवारीत प्रसिद्धही केली. हे प्रथिन सहज आकार बदलतं. त्यात दोन जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) बसवून ते प्रथिन मूळ आकारात अडकवून ठेवायची युक्ती करोनाच्याच कुळातल्या मर्स विषाणूवर आधीच आजमावलेली होती. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत तेच दोन प्रोलिन आहेत.