दोन रेषांमधली जागा: भूभेदी रडारच्या अँटेना-रांगांची पार्श्वभूमी

भूभेदी रडार म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून आत काय दडले आहे ते दाखवणारे यंत्र. त्याची चर्चा निघाली की पहिला प्रश्न हमखास खोलीचा असतो. पुरातत्त्वज्ञांची अडचण मात्र बराच काळ आडव्या अंगाची होती. अँटेना ज्या रेषांवरून ओढत नेतात अशा मोजणीच्या दोन रेषांमध्ये जी जमीन न तपासता सुटून जात असे, तिच्यात काय आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि अनेक अँटेना एका रांगेत बसवलेली आजची यंत्रे याच अडचणीतून जन्माला आली.

रेडिओलहरींनी जमिनीखालचे शोधावे ही कल्पना जुनी आहे. गोटहेल्फ लाइमबाख आणि हाइनरिख लोवी या जर्मनीतील संशोधकांनी 1910 मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यात अँटेना विंधनविवरांत उतरवून त्यांच्यामधील संदेशाच्या तीव्रतेची तुलना करायची होती. 1929 च्या सुमारास ऑस्ट्रियात एका हिमनदीची जाडी रेडिओलहरींनी मोजली गेली, पण पुढे हा विषय मागे पडला आणि 1960 च्या दशकात ध्रुवीय बर्फाची जाडी मोजण्याच्या निमित्ताने पुन्हा वर आला. अपोलो 17 मोहिमेने 1972 मध्ये हेच तत्त्व चंद्रावर वापरले. विकत घेता येण्याजोगी यंत्रे त्याच दशकात मिळू लागली आणि दशकाच्या मध्यास न्यू मेक्सिकोतील चाको कॅन्यन येथे पुरलेल्या भिंती शोधण्यासाठी ती वापरली गेली.

एल साल्वादोरमधील सेरेन हे गाव या तंत्राला मानवले. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आसपास ज्वालामुखीच्या राखेखाली कित्येक मीटर गाडल्या गेलेल्या या गावात 1979 मध्ये रडार फिरवण्यात आले. सुटी राख आणि चोपून केलेली मातीची जमीन यांच्या विद्युत गुणधर्मांत पुरेसा फरक असल्याने लहरी त्या जमिनीवरून परतत होत्या. अर्थात तेव्हा हाती पडत असे ती कागदाच्या पट्टीवरची रेखाटने. अँटेना एखाद्या दगडाजवळ येताना प्रतिध्वनी उशिरा परततो, बरोबर डोक्यावर असताना सर्वांत लवकर आणि पुढे सरकल्यावर पुन्हा उशिरा, त्यामुळे दगडाच्या जागी पट्टीवर उपड्या वाटीसारखी कमान उमटते. अशा कमानींच्या ढिगातून घराचा आराखडा मनाशी जुळवणे हे अनुभवी डोळ्यांचेच काम होते.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीस जपानमध्ये काम करणाऱ्या डीन गुडमन यांच्यासारख्या संशोधकांनी ‘टाइम स्लाइस’ची पद्धत रुळवली. सर्व रेषांवरून ठरावीक वेळाने परतलेल्या प्रतिध्वनींची तीव्रता एकत्र मांडली की एका खोलीवरचा सपाट काप मिळतो आणि त्यावर भिंती थेट नकाशासारख्या दिसू लागतात. माझ्या मते पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही पायरी सर्वांत मोठी आहे, कारण उत्खनन करणाऱ्याला उभा छेदही हवा असतो, पण खणायचे कुठे हे तो आराखड्यावरून ठरवतो.

मात्र सपाट काप दिसू लागताच रेषांमधली जागा अधिकच खुपू लागली. एकट्या अँटेनाने काम करताना दोन रेषांत अर्धा मीटर अंतर ठेवण्याचा प्रघात होता. भरभक्कम दगडी भिंत त्यात सापडते, पण वीतभर व्यासाचा खांबाचा खळगा दोन रेषांमध्ये सहज निसटतो. 400 मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सर्वसाधारण मातीत सुमारे 25 सेंटीमीटर भरते आणि चित्र निर्दोष हवे असेल तर तिच्या चौथ्या हिश्श्याइतके, म्हणजे सहा-सात सेंटीमीटरच अंतर असावे असे शास्त्र सांगते. आठ सेंटीमीटर धरले तरी एका हेक्टरला 1250 रेषा, म्हणजे 125 किलोमीटरची पायपीट होते. आठ सेंटीमीटरच्या अंतराने 16 वाहिन्या, म्हणजे शेजारी-शेजारी एकाच वेळी मोजणाऱ्या अँटेनांच्या जोड्या, बसवलेले यंत्र छोट्या वाहनाला जोडले की तेच काम आठेक किलोमीटरवर येते. स्थाननिश्चिती मात्र काही सेंटीमीटरपर्यंत अचूक लागते, आणि वाहिन्यांचा मेळ नीट बसवला नाही तर चित्रावर नांगराच्या तासांसारखे पट्टे उमटतात.

व्हिएन्नातील लुडविग बोल्ट्‌झमन संस्थेच्या 2010 मध्ये सुरू झालेल्या विशेष केंद्राने अशा यंत्रांना मोठ्या क्षेत्रांवर उतरवले. ऑस्ट्रियातील कार्नुन्टुम या प्राचीन रोमन नगराच्या जागी ग्लॅडिएटरांची प्रशिक्षणशाळा अशीच समोर आली. नॉर्वेतील येल्लेस्टाड येथे पाण्याच्या निचऱ्यासाठी चर खणण्याची परवानगी मागितली गेल्यावर 2018 मध्ये केलेल्या सर्वेक्षणात सुमारे 20 मीटर लांबीच्या व्हायकिंग जहाजाची आकृती दिसली.

फसगतही झाली. इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्रागैतिहासिक शिळावर्तुळाजवळच्या डरिंग्टन वॉल्स येथे 2015 मध्ये गाडलेल्या महाकाय शिळांची ओळ सापडल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी त्यांतील दोन ठिकाणे खणली, तेव्हा शिळा नव्हे तर लाकडी खांबांचे, चुनखडीच्या चुऱ्याने बुजवलेले खड्डे निघाले. रडारने दोष केला नव्हता. माती बदलते आहे एवढेच त्याने सांगितले होते.

इटलीतील फालेरी नोवी या रोमन नगराचा तटाच्या आतला संपूर्ण 30.5 हेक्टरांचा भाग केंब्रिज आणि गेन्ट विद्यापीठांच्या चमूने साडेबारा सेंटीमीटरच्या अंतराने मोजला आणि 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इमारतींच्या खालून गेलेले पाण्याचे नळ त्यात स्पष्ट दिसतात, म्हणजे पाणीपुरवठ्याची आखणी बांधकामाच्या आधी झाली असावी. पण या चमूच्या हिशेबाने एका हेक्टरचे चित्र वाचून नोंदवायला सुमारे 20 तास लागतात. संपूर्ण नगराचे ते सहाशे तासांवर जातात, त्यामुळे आता संशोधकांचा भर हे वाचन संगणकाकडे सोपवण्यावर आहे.