ऐनावरची अळी आणि जनुकाचे कुलूप

भंडारा-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवणाऱ्या ढिवर कुटुंबांना अळीची एक खूण नेमकी ठाऊक असते. पाला खाणे थांबवून ती फांदीवर निश्चल झाली, की कात टाकण्याची वेळ आली असे समजायचे आणि तिला हात लावायचा नाही. कोश विणण्यापूर्वी ती चार वेळा कात टाकते.

कात टाकण्याचा आदेश देणारे संप्रेरक म्हणजे एकडायसोन. १९५४ साली बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तुतीच्या रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलो कोशितांमधून (कोशात असलेल्या अवस्थेतील किड्यांमधून) ते अवघे २५ मिलिग्रॅम मिळवले. इतक्या अल्प पदार्थाने सारे शरीर बदलते, कारण त्याचे काम थेट जनुकांपाशी चालते.

एकडायसोन हे स्टेरॉइड पेशीच्या आवरणातून आत शिरते. आत पेशीकेंद्रात दोन प्रथिनांची जोडी, म्हणजे संप्रेरकाला पकडणारा ग्राही, डीएनएवर आधीच बसलेली असते; जस्ताच्या अणूंनी बांधून धरलेल्या घड्यांच्या साहाय्याने ती डीएनएतील ठरावीक अक्षरक्रम ओळखते. संप्रेरक नसताना ही जोडी स्वस्थ बसत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ती दमनकारी प्रथिनांना जवळ धरून ठेवते, त्यामुळे हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवतीची डीएनएची गुंडाळी घट्ट राहते आणि जनुक मुके राहते. संप्रेरक ग्राहीच्या खोबणीत बसताच ग्राहीच्या टोकाचा एक भाग जागा बदलतो, दमनकारी प्रथिने सुटतात, त्यांच्या जागी आलेली साहाय्यक प्रथिने हिस्टोनांना ॲसिटिल गट (अणूंचा एक छोटा समूह) जोडून गुंडाळी सैल करतात, आणि मग जनुकाची आरएनए प्रत निघू लागते.

१९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांना हे जवळजवळ डोळ्यांनी दिसले : कायरोनोमस माशीच्या अळीला एकडायसोन टोचल्यावर तिच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे उमटले, म्हणजे तिथली गुंडाळी सैल होऊन जनुके जागी झाली. आधी थोडी जनुके जागी होतात; त्यांची प्रथिने पुढच्या जनुकांना जागे करतात.

माणसातही असे ४८ ग्राही आहेत. ‘ड’ जीवनसत्त्वाचा ग्राही ज्या प्रथिनाशी जोडी करतो, ते कीटकांच्या जोडीतील एका प्रथिनाचे नातलग आहे.

टेब्युफेनोझाइड हे कीटकनाशक एकडायसोनच्या ग्राहीच्या याच खोबणीत बसते. अळी खाणे सोडते, अवेळी कात टाकू लागते आणि ती पुरी न करता मरते. पतंगवर्गातील अळ्यांच्या ग्राहीला ते विशेष घट्ट चिकटते. आणि टसरचा किडाही पतंगच आहे, म्हणून ऐनाच्या झाडांजवळच्या शेतात असे औषध फवारताना वाऱ्याची दिशा पाहिलीच पाहिजे.