गाडी लागते का, हे भूलतज्ज्ञ का विचारतात?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत नाशिककरांनी म्युकरमायकोसिस, म्हणजे स्टेरॉइडच्या अतिवापराशी जोडला गेलेला काळ्या बुरशीचा आजार, जवळून पाहिला, तेव्हापासून स्टेरॉइड म्हटलं की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. ती भीती उगाच नाही. पण पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या कागदांवर ‘डेक्सा 8 मिग्रॅ’, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, वाचून घाबरायचं कारण नाही. हा डोस एकदाच देतात आणि तो उलटी टाळण्यासाठी असतो.

पूर्ण भूल दिलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नंतर मळमळ किंवा उलटी होते. टाक्यांवर ताण येतो, तोंडाने पाणी घेता येत नाही, घरी सोडणं लांबतं. हा त्रास कुणाला होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. 1999 मध्ये आप्फेल यांनी मांडलेल्या कसोटीत चारच गोष्टी पाहतात : रुग्ण स्त्री आहे, धूम्रपान करत नाही, गाडी लागते किंवा पूर्वी भुलीनंतर उलट्या झाल्यात, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं लागणार आहेत. यातलं काहीच नसेल तर शक्यता सुमारे 10 टक्के, चारही असतील तर 80. म्हणून कसारा घाटात किंवा वणीच्या गडावर चढताना गाडी लागते का, याचं उत्तर खरं द्यावं. उलट्या झाल्या की दृष्ट काढणारी घरं आजही आहेत. मीठ-मोहरी ओवाळून या चारांतलं एकही कारण हलत नाही.

आता खरी गंमत. आतड्याच्या अस्तरातल्या एन्टेरोक्रोमाफिन पेशी सेरोटोनिन हे रसायन सोडतात. ते आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूंच्या टोकांवरच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतं आणि निरोप मेंदूच्या देठातल्या ‘न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस’ या केंद्रकापर्यंत जातो. शेजारीच ‘एरिया पोस्ट्रेमा’ आहे. तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला नेहमीचा अडसर पक्का नसतो, त्यामुळे रक्तातली औषधं तिथे थेट जाणवतात. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध सेरोटोनिनची ग्राहकावरची जागा अडवतं, म्हणून लगेच काम करतं.

डेक्सामेथासोनची रीत वेगळी. ते पेशीच्या आत शिरतं आणि पेशीद्रवातल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड (या जातीच्या स्टेरॉइडच्या) ग्राहकाला जोडलं जातं. ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करते, काही दाबते. परिणामी फॉस्फोलायपेज ए-2 आणि कॉक्स-2 ही विकरं मंदावतात, प्रोस्टाग्लँडिन ही दाहाची रसायनं कमी बनतात, आणि जखमेतून उठणारी दाहाची हाकाटी उतरते. व्हेगसचा निरोप जिथे पोहोचतो, मेंदूतल्या त्या केंद्रकातही ग्लुकोकॉर्टिकॉइडचे ग्राहक आहेत. जनुकांमार्फत चालणाऱ्या या कामाला वेळ लागतो. म्हणून डेक्सा ऑपरेशनच्या सुरुवातीलाच देतात, आणि ऑन्डान्सेट्रॉन 4 मिग्रॅ शेवटी. शेवटी दिलेलं डेक्सा पहिल्या तासांत, नेमकं हवं तेव्हा, उपयोगी पडत नाही.

डोस 4 ते 8 मिग्रॅ. आपल्याकडे सहसा मिळणाऱ्या 2 मिलीच्या कुपीत 8 मिग्रॅ असतं. ते झोप लागल्यावरच द्यावं. जाग्या माणसाला शिरेतून भरकन दिलं तर गुदद्वार-जननेंद्रियांच्या भागात काही क्षण तीव्र जळजळ किंवा खाज उठते. 2004 च्या पाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत डेक्सा, ऑन्डान्सेट्रॉन आणि ड्रोपेरिडॉल (उलटीवरचं आणखी एक औषध) यांपैकी प्रत्येकाने धोका साधारण 26 टक्क्यांनी कमी केला, तेही एकमेकांवर अवलंबून न राहता. म्हणजे 60 टक्के धोका एका औषधाने 44 वर, दोहोंनी 33 वर. प्रत्येक वेळी कपात उरलेल्यातूनच होते, त्यामुळे औषधं वाढवून शून्य गाठता येत नाही.

जखम चिघळेल का? 2021 च्या ‘पॅडी’ या डेक्सावरच्या चाचणीत 8,700 हून अधिक रुग्ण होते. 8 मिग्रॅ घेतलेल्यांत जखमेचा संसर्ग 8.1 टक्के, न घेतलेल्यांत 9.1. साखर मात्र वाढते. मधुमेही रुग्णाची त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी तपासावीच. रक्ताचा कर्करोग असेल, तर कर्करोगाच्या पेशी एकदम फुटून मूत्रपिंडावर भार येऊ शकतो. तिथे हे इंजेक्शन टाळतात किंवा कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच देतात.

धोका खरा आहे तो सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचा. त्यांत अनेकदा लपवलेलं स्टेरॉइड असतं आणि लोक ते महिनोन्‌महिने खातात. त्यामुळे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी सुस्तावतात आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. अशी पुडी चालू असेल, तर ऑपरेशनपूर्व तपासणीलाच सांगावं, आणि ती मनाने अचानक बंद करू नये.