तीन झुरके आणि गेलेली नोकरी

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या अग्निशमन दलात १९८०च्या दशकात भरती होणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडून एक हमी लिहून घेत. पहिलं वर्षभर सिगारेट ओढायची नाही, कामावर नाही आणि घरीही नाही. एका प्रशिक्षणार्थीने जेवणाच्या सुट्टीत तीन झुरके मारले. त्या सुट्टीचा पगारही मिळत नसे. कुणीतरी पाहिलं, वर कळवलं आणि त्याची नोकरी गेली. तो कोर्टात गेला, पण १९८७ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. नियम माणसाच्या खाजगी आयुष्यात शिरतो हे न्यायालयाने नाकारलं नाही. मात्र आग विझवणाऱ्याला धडधाकट शरीर लागतंच, आणि धूम्रपान त्याला मारक आहे हे सिगारेटच्या पाकिटावरच छापलेलं असतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदाच केला. १ जानेवारी १९८८ नंतर पोलीस किंवा अग्निशमन दलात लागणाऱ्याने धूम्रपान करायचं नाही. केलं तर नोकरी जाणार. फ्लोरिडात अग्निशमन दलाच्या उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं, की गेलं वर्षभर मी कोणत्याही रूपात तंबाखू घेतलेली नाही.

हे नियम आले त्यामागे आरोग्याइतकंच पैशाचंही कारण होतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असा कायदा आहे, की अग्निशमन जवानाला हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार झाला, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरून चालायचं आणि भरपाई किंवा अपंगत्वाचं निवृत्तिवेतन द्यायचं. मग जवान रोज पाकीटभर सिगारेटी ओढत असेल, तर आजार आगीच्या धुराने झाला की सिगारेटच्या, हे ठरवायचं कसं? मॅसॅच्युसेट्सची बंदी आली तीच मुळी निवृत्तिवेतनाच्या सुधारणा कायद्यातून. पण हिशेब तिजोरीचा असला, तरी त्यामागचं शरीरशास्त्र पक्कं आहे.

अमेरिकेत ड्युटीवर मरण पावणारे जवान बहुतेक भाजून किंवा ढिगाऱ्याखाली सापडून जात असतील, असं आपल्याला वाटतं. १९९४ ते २००४ या काळातल्या ११४४ मृत्यूंचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यातले मृत्यू त्यात धरले नव्हते. त्या ११४४ पैकी ४४९ जण, म्हणजे ३९ टक्के, हृदयविकाराने गेले होते. यातही नीट पाहावं अशी गोष्ट पुढे आहे. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाचा कामाचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, पण हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच वेळात झाले. तातडीच्या नसलेल्या कामांच्या तुलनेत आगीशी झुंजताना हा धोका कमीत कमी बारापट निघाला.

असं का होतं? रात्री दोनला घंटा वाजते. गाढ झोपेतल्या माणसाची नाडी काही सेकंदांत धावू लागते. अंगावर जाड संरक्षक पोशाख, पाठीवर हवेचा सिलिंडर, म्हणजे वीसेक किलोचं ओझं. तेवढं घेऊन जिना चढायचा, पाण्याने भरलेला जड होजपाइप ओढायचा. पोशाखातून उष्णता बाहेर पडत नाही, घामाच्या धारा लागतात, शरीरातलं पाणी घटून रक्त दाट होतं. इलिनॉयमधल्या संशोधकांनी प्रशिक्षणासाठी मुद्दाम लावलेल्या आगीत जवानांना उतरवून आधी आणि नंतर त्यांचं रक्त तपासलं. थोड्याच वेळाच्या कामानंतर रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जास्त सक्रिय झाल्या होत्या. याचा सरळ अर्थ असा, की रक्ताची गुठळी व्हायला अनुकूल परिस्थिती तयार होते.

आता याच माणसाला सिगारेटची सवय आहे असं धरा. सिगारेटचा धूरही बिंबिकांना चेतवतो. निकोटीन नाडी आणि रक्तदाब वाढवतं आणि हृदयाच्या धमन्या आवळतं. जास्त रक्त हवं त्याच घडीला वाट अरुंद होते. वर्षानुवर्षांच्या धुराने त्या धमन्यांत आधीच थर साचलेले असतात ते वेगळेच. ड्युटीवर हृदयविकाराने गेलेल्या जवानांची इतरांशी तुलना केली, तेव्हा धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि पूर्वीचा हृदयविकार ही कारणं ठळकपणे पुढे आली.

त्यात भर कार्बन मोनॉक्साइडची. हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तशी तो जागा अडवून बसतो आणि ऑक्सिजन उभाच राहतो. सिगारेट न ओढणाऱ्याच्या रक्तात अशा अडलेल्या जागा साधारण दोन टक्क्यांच्या आत असतात. ओढणाऱ्याच्या रक्तात त्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जातात, तेही आगीजवळ जाण्याआधीच. आग विझल्यावर राख उपसताना पुष्कळ जवान मास्क काढतात. धूर दिसत नसला तरी हा वायू हवेत असतोच.

कर्करोगाचं गणितही असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये आग विझवण्याच्या पेशालाच पहिल्या गटात टाकलं. माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे अशा गोष्टींचा हा गट, आणि तंबाखूचा धूर त्यात आधीपासून आहे. जुन्या इमारती जळताना ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे उष्णता अडवायला बांधकामात वापरलेल्या खनिजाचे, तंतू उडतात. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या अमेरिकी कामगारांच्या गाजलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटने सुमारे अकरापट आणि दोन्ही मिळून पन्नासपटीच्या वर आढळला. इथे दोन धोक्यांची नुसती बेरीज झाली नाही, गुणाकार झाला. जवान आगीचा धूर टाळू शकत नाही, ती त्याची नोकरी आहे. गुणाकारातला दुसरा आकडा मात्र त्याच्या हातात आहे. म्हणून मला ही बंदी पटते.

पण तिच्यात भोकं आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात शब्द आहे ‘धूम्रपान’. ओठाखाली तंबाखू धरणारा त्यात सापडत नाही. अमेरिकी जवानांत सिगारेट कमी झाली, पण चघळायच्या तंबाखूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरंच जास्त आहे. रात्रपाळीत जागं राहायला ती चालते, धूर होत नाही, वास येत नाही. आपल्याला हे लगेच कळावं, कारण २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू खात होते. मावा, गुटखा, मशेरीने फुप्फुस काळं होत नाही, पण निकोटीन रक्तात जातंच, आणि आगीसमोर हृदयाचे ठोके वाढवायला तेवढं पुरतं. फ्लोरिडाची ‘कोणत्याही रूपात’ ही भाषा मला म्हणून जास्त योग्य वाटते.

तपासणीही वाटते तितकी सोपी नाही. शरीर निकोटीनचं कोटिनीन करतं आणि ते लघवीत काही दिवस सापडतं. पण तंबाखू सोडण्यासाठी निकोटीनचा च्युइंगगम चघळणाऱ्याच्या लघवीतही ते सापडतं. त्यामुळे खरोखर सोडू पाहणारा माणूसच पकडला जाऊ शकतो. अशा वेळी ॲनाबेसिन तपासावं लागतं. ते तंबाखूच्या पानात असतं, गममध्ये नसतं.

आणि नवा भरती झालेला पंचविशीचा जवान हृदयविकाराने कोसळण्याची शक्यता तशी कमीच. कोसळतो तो पंचेचाळिशी ओलांडलेला, बंदी लागू नसलेला, वीस वर्षं ओढत आलेला. सिगारेट सोडल्यावर हृदयविकाराचा वाढीव धोका वर्षभरात जवळपास निम्म्यावर येतो, म्हणजे सगळ्यात जास्त फायदा त्यालाच. अमेरिकेतली जवानांची संघटना आणि दलप्रमुखांची संघटना यांनी मिळून केलेल्या आरोग्य उपक्रमात हे ओळखलेलं आहे. नव्यांना तंबाखू पूर्ण बंद आणि जुन्यांना सोडण्यासाठी दलाच्या खर्चाने मदत. त्यात एक अट आहे, की मदत मागायला आलेल्यावर कारवाई करायची नाही.