गुळाचा रवा आणि गॅमाचा काटा

कोल्हापुरी गूळ किरणोत्सारी असतो. घाबरू नका, तो पोटॅशियमचा गुण आहे. रस काहिलीत आटला तरी उसातलं पोटॅशियम गुळातच राहतं. साखर कारखान्यात ते मळीबरोबर निघून जातं, म्हणून पांढरी साखर या बाबतीत जवळजवळ कोरी. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये 0.0117 टक्के पोटॅशियम-40, म्हणजे त्याचं किरणोत्सारी रूप असतं. त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियममध्ये, मग ते केळ्यातलं असो की आपल्या अंगातलं, सेकंदाला सुमारे 31 अणू फुटतात. म्हणजे 31 बेक्वेरेल. किलोभर गुळात दहा ग्रॅम पोटॅशियम धरलं तर झाले 310.

पण हे यंत्राने मोजून दाखवायचं तर बरीच उठाठेव आहे. ऑनलाइन मिळणारा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं साधं यंत्र, गुळाच्या रव्याला (ढेपेला) टेकवून काही कळत नाही. अणू फुटताना कधीकधी गॅमा किरण निघतो; या काउंटरची नळी अशा शंभर किरणांतला एखादाच पकडते, आणि पकडलेला कुठून आला हे सांगत नाही. इथे सोडियम आयोडाइडचा स्फटिक लागतो, तोही शिशाच्या जाड कोठडीत ठेवलेला. तो प्रत्येक किरणाची ऊर्जा मोजतो आणि पडद्यावर शिखरं उभी राहतात. अणुभट्टीत तयार होणाऱ्या सीझियम-137 चं शिखर 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं माप), पोटॅशियम-40 चं 1461 वर.

गूळ कुटून, चाळून मॅरिनेली भांड्यात भरतात. या भांड्याच्या बुडाला आत वर गेलेला खळगा असतो, तो डिटेक्टरवर टोपीसारखा बसतो. पावसाळ्यात गूळ पाझरतो, गोळे धरतो आणि मधे पोकळ्या राहतात. म्हणून भांडं आपटून आपटून माल खुणेच्या रेषेपर्यंत बसवायचा आणि लगेच वजन करून झाकण चिकटपट्टीने बंद करायचं. नमुन्यात रेडियम शोधायचं असेल तर हवाबंद भांडं साधारण महिनाभर ठेवावं लागतं, कारण रेडियमपासून होणारा रेडॉन वायू उडून गेला की हिशेब चुकतो.

आता काट्याची, म्हणजे या यंत्राची परीक्षा. ती दोनदा करावी लागते. पहिली ऊर्जेची: सीझियमची छोटी गोळी आणि गॅसबत्तीचं जुन्या पद्धतीचं थोरियमवालं मेंटल ठेवलं, की 662 आणि 2615 अशा दोन खुणा मिळतात. रात्री एसी बंद राहिला, खोली पाच-सहा अंशांनी तापली, की शिखरं सरकतात. म्हणून हे रोज सकाळी बघायचं.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची, आणि चुका तिथेच होतात. नमुन्यातून निघालेल्या किरणांपैकी यंत्र किती पकडतं? सीझियमची गोळी डिटेक्टरसमोर ठेवून काढलेला आकडा किलोभर गुळाला लावणं म्हणजे सोन्याच्या तराजूचं माप उसाच्या ट्रॉलीला लावणं. त्याच भांड्यात, त्याच रेषेपर्यंत भरलेला, किरणोत्सार आधीच माहीत असलेला प्रमाण-नमुना हवा. पोटॅशियमपुरता तो रसायनांच्या दुकानात मिळतो: शुद्ध पोटॅशियम क्लोराइड. किलोभर भुकटीत 524 ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे सुमारे 16,200 बेक्वेरेल. दर शंभर विघटनांत 1461 चा किरण साधारण 10.7 वेळाच निघतो, म्हणजे सेकंदाला 1,740 च्या आसपास. शिखरात सेकंदाला 17.4 मोजले गेले, तर कार्यक्षमता एक टक्का.

त्याच हिशेबाने किलोभर गुळातून सेकंदाला 33 किरण निघतील, पकडले जातील 0.33. तासाला 1,200. पण भिंतीतल्या विटा-सिमेंटमध्येही पोटॅशियम असतं, त्यांचेही समजा तासाला 720 येतात. ते वजा करायला तेच भांडं डिस्टिल्ड वॉटरने भरून तासभर मोजायचं. रिकामं ठेवलं तर भिंतीतले जे किरण नमुना स्वतः अडवतो, ते हिशेबात धरले जात नाहीत. दोन्ही मोजण्यांची अनिश्चितता मिळून सुमारे 51 येते, म्हणजे चार टक्के. सीझियमचं शिखर दिसलं नाही तर अहवालात शून्य लिहीत नाहीत, ‘शोधमर्यादेखाली’ लिहितात आणि ती मर्यादाही देतात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भंगार येतं, त्यात किरणोत्सारी काही आलं नाही ना हे बघायला हातातलं सर्व्हे मीटर लागतं. 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत किरणोत्सारी कोबाल्ट-60 सापडलं होतं, पोलाद भारतातलं होतं. हे मीटर सीझियमच्या स्रोतासमोर, रुळावर मागेपुढे करून तपासतात. एक मीटरवरचा आकडा दोन मीटरवर चौथा हिस्सा व्हायला हवा. जास्त भरला तर जमीन-भिंतींवरून उसळून आलेले किरण त्यात मिसळलेत. दुसरी चूक कागदावरची: दहा वर्षांत सीझियमच्या स्रोताचा जोर 79 टक्क्यांवर येतो. जुन्या दाखल्यावरचाच आकडा धरला तर चांगलं मीटर ‘कमी दाखवतं’ म्हणून उगाच चढवलं जातं.

गायगर नळी प्रत्येक मोजणीनंतर क्षणभर आंधळी होते. हा वेळ शंभर मायक्रोसेकंद असेल तर सेकंदाला 1,000 ऐवजी ती 909 मोजते, 10,000 ऐवजी 5,000. फार तीव्र किरणांत काही मीटर तर शून्यावर येतात. म्हणून मीटर लांबूनच चालू करून आत जायचं. दारापासून आकडा चढत गेला आणि ढिगाजवळ अचानक शून्य झाला, तर बॅटरी तपासत उभं राहू नका, आधी मागे फिरा.